पहिली तार सारखी तुटते? जाड सेट लावण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता रत्नागिरीला, गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, तारा ९-४२ च्या सेटच्या (पहिली तार इंचाच्या हजाराव्या भागात ९ जाड, सहावी ४२). बारीक ई, म्हणजे पहिली तार, दर आठ-पंधरा दिवसांनी तुटते आणि बहुतेक वेळा ब्रिजपाशीच, म्हणजे गिटारच्या धडावरच्या घोडीपाशीच तुटते. दुकानदार म्हणाले ११ चा, म्हणजे जाड तारांचा सेट लावा. बँडमधले मित्र म्हणतात हात हलका ठेव. गणपतीतले कार्यक्रम तोंडावर आलेत, तर आता काय करायचं?

दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असले तरी घाईचे आहेत. मी बरीच वर्षं गिटार दुरुस्तीचं काम करतो. 'तार सारखी तुटते' म्हणून जी गिटार येते तिच्यात दोष बहुधा तारेत नसतो आणि वाजवणाऱ्याच्या हातातही नसतो. गिटारवर कुठेतरी धातूची एक कड तारेला रोज थोडी थोडी खात असते. ती कड सापडली की अर्ध्या तासाचं काम असतं. ती सापडेपर्यंत तुम्ही कितीही महाग तारा लावा, त्या तुटणारच.

तुटलेली तार फेकू नका. दोन्ही तुकडे चिकटपट्टीने वहीत लावा आणि शेजारी तारीख लिहा. बॉल एंडकडचा, म्हणजे तारेच्या टोकाला धातूचा मणी असतो त्या बाजूचा तुकडा पुन्हा ब्रिजमधून ओवून बघा, तुटलेलं टोक नेमकं कुठे येतं ते दिसेल. दोन-तीन तुकडे जमले की पट्टीने मोजा. सगळ्यांची लांबी मिलिमीटरभराच्या फरकाने सारखी असेल तर गिटारवर एकच जागा दोषी आहे. तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतील, कधी फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) तर कधी वाजवायचा पिक लागतो तिथे तुटत असेल, तर गंज किंवा वाजवण्याची पद्धत याकडे बघावं लागेल. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचं भिंग मिळालं तर टोकही बघा. टोकाकडे तार निमुळती होत गेली असेल तर ती ताणानेच ओढली जाऊन तुटली. टोक सपाट, कापल्यासारखं असेल तर तिथे आधीपासून ओरखडा होता किंवा तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकून थकली होती. आजूबाजूला तपकिरी ठिपके असतील तर गंज. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा मोठा करूनही यातलं बरंच कळतं.

आता जाड तारांबद्दल. हा समज इतका पक्का बसलेला आहे की थोडं गणित केल्याशिवाय तो जात नाही.

स्ट्रॅटवर नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेला छोटा आधार) वाजणाऱ्या तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. या लांबीवर ९ ची तार, म्हणजे ०.००९ इंच जाडीची, ई सुरावर आणली की तिच्यावर सुमारे ५.९ किलोचा ताण येतो. १० ची तार लावली तर सुमारे ७.३ किलो. जाड तार जास्त ताण सोसते हे खरं, पण तिला तेवढा जास्त ताण द्यावाही लागतो, नाहीतर ती सुरात येतच नाही. या ताणाला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागून बघा. दोन्हींचं उत्तर एकच येतं: दर चौरस मिलिमीटरला साधारण १४५ किलो. ११ च्या तारेचंही तेच. पोलादाची घनता, तारेची लांबी आणि सूर ठरला की हा आकडा ठरतो, जाडी त्यात येतच नाही.

गिटारच्या साध्या तारा जास्त कार्बनच्या पोलादाच्या असतात. या जाडीत ते पोलाद दर चौरस मिलिमीटरला २५० किलोंच्या वर सोसतं. म्हणजे सुरात लावलेली निरोगी पहिली तार आपल्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर उभी असते. तुम्ही दोन फ्रेटइतका बेंड केलात, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून सूर तेवढा चढवलात, की ताण २६ टक्क्यांनी वाढतो आणि १४५ चे सुमारे १८३ होतात. तीन फ्रेटइतका बेंड केलात तर ४१ टक्के वाढ, म्हणजे सुमारे २०५. तरीही जागा शिल्लक राहते. बारा तारांच्या गिटारवर जी च्या जोडीतली बारीक तार पहिल्या ई पेक्षा तीन सेमिटोन, म्हणजे तीन फ्रेट, वर लावलेली असते. म्हणजे तुम्ही क्षणभर घेता तो मोठा बेंड ती तार दिवसरात्र सोसत असते. ती तुटण्याबद्दल बदनाम आहे खरी, पण गिटार नीट असेल तर टिकते. तुमची तार तर तिच्यापेक्षा कितीतरी आरामात आहे, आणि तरी आठ दिवसांत जाते. याचा अर्थ तिची निम्मी ताकद कोणीतरी आधीच काढून घेतलेली आहे.

याच गणितातून पहिलीच तार का तुटते तेही कळतं. दुसऱ्या, बी तारेवर तोच आकडा ८० च्या आसपास असतो आणि वेटोळं नसलेल्या तिसऱ्या, जी तारेवर ५० च्या. तिन्ही सॅडलवर सारखाच ओरखडा असला तरी शिल्लक ताकद सर्वांत कमी पहिलीकडे असते, म्हणून तीच आधी जाते. बी किंवा जी वारंवार तुटत असेल तर दोष बराच मोठा आहे असं समजा. गुंडाळलेल्या तारांची गोष्ट वेगळी. तिथे जवळजवळ सगळं ओझं आतला बारीक गाभा उचलतो आणि बाहेरचं वेटोळं फक्त वजन वाढवतं. म्हणून दिसायला दणकट असलेली डी तारही तुटते.

११ चा सेट लावल्यावर काहींची तार खरोखर जास्त दिवस टिकते, ते का? गंजाचा खड्डा किंवा कडेचा ओरखडा तेवढाच खोल असेल तर जाड तारेचा त्यात कमी हिस्सा जातो. आठ दिवस टिकणारी तार तीन आठवडे टिकेल आणि प्रश्न सुटला असं वाटेल. पण दोष जागेवरच असतो. शिवाय तीक्ष्ण कडेवरून वळताना जाड तारेच्या बाहेरच्या अंगाला बारीक तारेपेक्षा जास्त ओढ बसते. त्यातून ९ वरून ११ वर गेलात की मानेचा ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई), ट्रेमोलोच्या (बार नावाच्या दांडीने ब्रिज हलवून सूर वरखाली करणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा, नटच्या खाचा आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) सगळं पुन्हा लावावं लागतं. आवाजासाठी जाड तारा हव्या असतील तर जरूर लावा. तुटण्यावरचा इलाज म्हणून लावू नका.

तार टिकणं जाडीवर नसतं याची दोन उदाहरणं. झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडचे बिली गिबन्स ७ च्या तारा वाजवतात, बाजारात सहज मिळणाऱ्या ८ च्या सेटपेक्षाही बारीक, आणि कारकीर्दभर मोठमोठ्या मंचांवर वाजवत आले आहेत. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १३ पर्यंतच्या जाड तारा लावायचे, पण गिटार अर्धा सूर खाली, ई फ्लॅटला. अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. त्यांच्या तारांना जाडीपेक्षा या उतरलेल्या सुराची मदत जास्त होती असं माझं मत आहे. आणि एवढं असूनही त्यांच्या गिटारवर तारा ब्रिजपाशी तुटू नयेत म्हणून त्या जागी प्लास्टिकच्या बारीक नळीचे तुकडे ओवलेले असत. ती युक्ती पुढे सांगतो, तुमच्या गिटारला ती चपखल बसेल.

तुमची तार ब्रिजपाशी तुटते म्हणून मी आधी सॅडल बघेन. स्ट्रॅट धाटणीच्या ब्रिजवर दोन प्रकारचे सॅडल येतात: पत्रा वाकवून केलेले आणि साच्यात ओतलेले. वाकवलेल्या पत्र्यावर तार जिथून जाते तिथे कारखान्यातच बर, म्हणजे धातूची बारीक टोकदार कड, राहून गेलेली असू शकते, किंवा वर्षानुवर्षं तार घासून खाच पडते आणि खाचेच्या काठाला धार येते. ओतलेले स्वस्त सॅडल मऊ मिश्रधातूचे असतात, त्यांच्यात खाच लवकर पडते.

डोळ्यांना दिसत नसेल तर कापूस घ्या. तार सैल करून बाजूला करा आणि कापसाचा छोटा बोळा सॅडलच्या माथ्यावरून, खाचेतून आणि तार खालून वर येते त्या खिडकीच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे तंतू अडकून राहतात तिथे बर आहे. बोटाला न जाणवणारी कड कापूस दाखवतो.

घासायचं काम गाडीच्या रंगकामाला वापरतात त्या काळ्या वॉटर पेपरने करा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ६०० नंबरने सुरुवात करा, मग १०००, शेवटी २०००. पेपरची बारीक पट्टी कापून जुन्या ए किंवा डी तारेभोवती गुंडाळा आणि तार ज्या दिशेने जाते त्याच दिशेने खाचेतून ओढा. आडवं घासलंत तर नवे आडवे ओरखडे तयार होतील आणि तार त्यांच्यावर पुन्हा तुटेल. खाच खोल करायची नाही, फक्त धार मोडायची आहे. शेवटी जुन्या गुंडाळलेल्या तारेला ब्रासोचा थेंब लावून तीच खाचेतून मागेपुढे ओढा, म्हणजे खाच आरशासारखी होते. शक्य असेल तर सॅडल ब्रिजवरून काढून हे सगळं करा. जागेवरच करायचं ठरवलंत तर पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या पट्टीवर) मास्किंग टेप लावायला विसरू नका. पिकअपच्या चुंबकांना पोलादाचा कीस चिकटला की तो काढता काढता जीव जातो.  घासल्यावर मुलामा गेलेल्या जागी शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा. तिथे गंज चढणार नाही आणि तारही मोकळी सरकेल.

इथे एक काळजी घ्यावी लागते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना कानशीचा एक हात घोडीवर किती फरक करतो ते माहीत असतं. तिथे घोडी रुंद आणि किंचित कललेली ठेवतात, म्हणजे तार तिला पुसटशी स्पर्श करत वाजते आणि झंकार उठतो. गिटारच्या सॅडलवर नेमकं याच्या उलट हवं. तारेने माथ्याचा निरोप एका ठाम बिंदूवर घ्यायला हवा, आणि तो बिंदू फ्रेटबोर्डकडच्या बाजूला असावा. उत्साहाच्या भरात माथा सपाट केलात तर तार तुटायची थांबेल, पण गिटार सतारीसारखी झणझणू लागेल आणि इंटोनेशनही जुळणार नाही. धार मोडा, गोलाई ठेवा, माथा खाऊ नका.

सॅडल गुळगुळीत केल्यावरही तुकड्यांची लांबी तीच येत असेल तर थोडं मागे बघा. ट्रेमोलोच्या ठोकळ्यातून तार वर येते, ब्रिजच्या प्लेटच्या भोकातून निघते, सॅडलच्या खिडकीतून जाते आणि मग माथ्यावर वळते. या वाटेत ती प्लेटच्या भोकाच्या कडेला किंवा खिडकीच्या कडेला टेकत असेल तर तुम्ही बार हलवता तेव्हा, किंवा मोठा बेंड घेता तेव्हा, तार त्या कडेवर मागेपुढे घासते. टॉर्च लावून बाजूने बघितलं की हे दिसतं. कड दिसली तर तीही गोल करा. घासायला जागाच नसेल तर नळीची युक्ती करा. इलेक्ट्रिकच्या बारीक वायरीचं प्लास्टिकचं आवरण पाऊण-एक सेंटिमीटर कापा, आतली तांब्याची तार ओढून काढा आणि ही नळी गिटारच्या तारेवर ओवून बॉल एंडच्या बाजूला सरकवा, म्हणजे ती नेमकी टेकणाऱ्या कडेवर बसेल. माथ्यावर येऊ देऊ नका, नाहीतर सूर मेल्यासारखा होईल. दर वेळी तार बदलताना नळीही बदला.

सॅडल फारच खाल्लेले असतील तर सरळ नवे लावा. ग्राफ टेकचे स्ट्रिंग सेव्हर सॅडल घर्षण कमी करणाऱ्या पदार्थाचे असतात आणि तारा खरोखर जास्त टिकतात. त्यांचा आवाज पोलादापेक्षा किंचित वेगळा येतो, तो आवडणं न आवडणं तुमच्यावर. मागवण्याआधी शेजारच्या दोन तारांमधलं अंतर मोजा. काही ब्रिजवर ते सुमारे १०.५ मिलिमीटर असतं, जुन्या धाटणीच्या ब्रिजवर सुमारे ११.३. न मोजता मागवलेले सॅडल बसत नाहीत आणि परतही जात नाहीत.

दुसऱ्या प्रकारची गिटार असलेल्यांसाठी दोन शब्द. लेस पॉल धाटणीच्या ब्रिजवर टेलपीस, म्हणजे ब्रिजमागची तारांची टोकं धरणारी पट्टी, फार खाली आवळलेला असेल तर तार सॅडलच्या आधी ब्रिजच्या मागच्या काठावर टेकते. तार आणि काठ यांच्यामध्ये कागदाची चिटोरी सरकत नसेल तर टेलपीस वर घ्या. फ्लॉइड रोज या तारा कुलूपबंद करणाऱ्या ट्रेमोलोवर सॅडलचा ठोकळा तार चिमटीत धरतो. तो अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) अंगातली सगळी ताकद लावून आवळला की तार चेचली जाते आणि ठोकळ्यावर खड्डा पडतो, मग प्रत्येक नवी तार त्याच खड्ड्यात चेचली जाते. पुरेसं घट्ट झालं की थांबा. खड्डा पडलेले ठोकळे बदला.

नटपाशी किंवा खुंटीपाशी तुटणं त्यामानाने कमी, आणि त्याचं निदानही सोपं. ट्यून करताना नटमधून 'टिंग' असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. ९ च्या नटमध्ये ११ च्या तारा लावल्या की हे हमखास होतं. खाचेत ४बी पेन्सिलीचं शिसं घासा. तरी अडकली तर खाच रुंद करून घ्या, आणि हे काम मापाच्या कानशी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण खाच एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो. खुंटीच्या भोकाला धार असेल तर तीही वॉटर पेपरच्या गुंडाळीने मोडता येते. तार लावताना पक्कडीने तिला काटकोनात मोडू नका, पहिल्या तारेचे तीन-चार वेढे खालच्या दिशेने शेजारी शेजारी बसू द्या आणि ओवताना तारेला पीळ पडू देऊ नका. बॉल एंडच्या पिळात तार तुटत असेल, बार जोरात वापरणाऱ्यांना हे भोगावं लागतं, तर दुसऱ्या कंपनीचा सेट लावून बघा. काही जण त्या पिळावर सोल्डरचा थेंब सोडतात. चालतं, पण सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, जास्त तापवलेलं पोलाद आपली ताकद गमावतं.

आता रत्नागिरीचा मुद्दा, आणि तो तुमच्या बाबतीत सॅडलइतकाच महत्त्वाचा आहे. समुद्राची खारी हवा, जुलै-ऑगस्टमधला दमटपणा आणि हाताचा घाम हे तिन्ही एकत्र आले की साध्या पोलादी तारेवरचा कथिलाचा पातळ मुलामा टिकत नाही. गंजाचा एक ठिपका म्हणजे तारेला पडलेला खड्डा, आणि पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक तारेत खड्ड्याला जागाच किती असते? गंज सर्वांत आधी कुठे धरतो तेही लक्षात घ्या. तळहात ब्रिजवर टेकवून पाम म्यूट करताना घाम थेट सॅडलवर आणि तारेखाली साचतो. वरून तार चकचकीत दिसते, खालचं अंग मात्र खडबडीत झालेलं असतं. बोटाचं नख तारेच्या खालून फिरवून बघा, खरखर लागली तर ती तार आजच बदला, कार्यक्रमापर्यंत ठेवू नका.

वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार चिमटीत धरून वरून आणि खालून पुसा, आणि सॅडलवरचा घामही टिपून घ्या. गिटार वाजवण्याआधी हात धुवा, वडापाव खाऊन तसेच बसू नका. पावसात भिजलेली बॅग गिटार आत ठेवून बंद करू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून सुकवा किंवा बदला. उघडलेलं पाकीट तसंच पडू देऊ नका. सुट्या तारा हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर लावायच्या आधीच गंजलेल्या मिळतील. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना मी लेप दिलेल्या किंवा गंजरोधक तारा घ्या असंच सांगतो. एलिक्सर किंवा डी'अ‍ॅडारिओच्या एक्सएस मालिकेतल्या तारा महाग पडतात, पण दमट हवेत साध्या सेटच्या दुपटीहून जास्त चालतात असा माझ्याकडे येणाऱ्या वादकांचा अनुभव आहे. मात्र सॅडलची धार आधी मोडा. धारेसमोर लेपाचं काही चालत नाही.

नकली तारांचाही बाजारात सुळसुळाट आहे. नेहमीपेक्षा फारच स्वस्तात नावाजलेला सेट मिळत असेल तर संशय घ्या. डी'अ‍ॅडारिओच्या पाकिटात खरेपणा तपासायचा कोड असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. सुटी तार घेताना तिला गोल वेटोळ्यातून मोकळी करून बोटांमधून फिरवा, कुठे मोड किंवा खरखर असेल तर दुसरी मागा.

मित्र हात हलका ठेवायला सांगतात, त्यात तथ्य किती? थोडं आहे. पिक तारेत किती खोल जातो आणि तुम्ही ब्रिजच्या किती जवळ वाजवता यावर तारेचा ताण क्षणभर किती वाढेल ते ठरतं. पिकचं टोक झिजून त्याला करवतीसारखी कड आली असेल तर तो तारेला ओरबाडतो, असा पिक टाकून द्या. पण बँडमध्ये जोरात वाजवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: वादकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. छोट्या खोलीत सराव, शेजारी ड्रम, आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला, म्हणजे त्याचा आवाज पोटऱ्यांना ऐकू जातो, कानांना नाही. मग हात आपोआप जड होतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून कानाच्या रोखाने करा. हात सांगून हलका होत नाही, ऐकू आल्यावर होतो. पाम म्यूटच्या जोरकस वाजवण्याला १ मिलिमीटरच्या वरचा पिक लागत असेल तर तोही वापरा, फक्त टोक कमी बाहेर ठेवून धरा.

ट्यूनिंग करताना तार तुटत असेल तर बहुधा ट्यूनर नीट वाचला जात नाही. अ‍ॅपवर नुसतं 'ई' अक्षर दिसतं, कोणत्या सप्तकातलं ते दिसत नाही, आणि नवशिका तार वर वर नेत राहतो. पाच सेमिटोन वर गेलात की पहिली तार तिच्या ताकदीच्या अगदी काठाशी पोचते. शेजारच्या बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या सुराशी जुळवून बघितलं की ही चूक होत नाही.

गणपतीतल्या कार्यक्रमांची तयारी अशी करा. या आठवड्यात सॅडलचं काम उरका. सॅडल साफ केल्यावर पहिल्या तारेचा वहीतला हिशेब चालू ठेवा, पंधरा दिवसांनी फरक दिसतोच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण सेट नवा लावा. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढून ताणून घ्या, पुन्हा सुरात आणा, आणि सूर स्थिर होईपर्यंत हे करत राहा. नव्या तारेवर लगेच मोठे बेंड घेऊ नका, तासभर वाजवून तिला बसू द्या. बॅगेत पहिल्या तारेचे तीन-चार सुटे नग, वायंडर, कटर आणि टॉर्च ठेवा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या फार्म एड मैफलीच्या मंचावर ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांची तार तुटली, तेव्हा गाणं न थांबवता गाता गाताच त्यांनी ती बदलली होती. इतकी सफाई सरावाने येते, तेव्हा घरी बसून डोळे मिटून तार बदलायचा सराव करायला हरकत नाही. दुसरी गिटार उसनी मिळत असेल तर स्टँडवर ट्यून करून ठेवा.

आणि तुमचा ट्रेमोलो तरंगता ठेवलेला असेल, म्हणजे ब्रिजची प्लेट लाकडापासून उचललेली असेल, तर निदान कार्यक्रमांपुरती ती खाली बसवा. मागचं झाकण काढून स्प्रिंगांचा पंजा धरणारे दोन स्क्रू आवळा, गरज पडली तर एक स्प्रिंग वाढवा, म्हणजे प्लेट लाकडावर घट्ट टेकेल. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होऊन उरलेल्या पाचही तारा चढतात आणि पुढचं कडवं वाजवताच येत नाही. प्लेट टेकलेली असेल तर पाच तारांवर गाणं पुरं करता येतं. बार वर ओढून सूर चढवता येणार नाही, पण खाली दाबता येईल. प्लेट बसवल्यावर सॅडलची उंची आणि इंटोनेशन मात्र पुन्हा तपासून घ्या, तारा फ्रेटवर घासू लागण्याची शक्यता असते.